वाचकांचे प्रश्न : एकच नाव, निरनिराळ्या देशांत घडलेली गाडी

मागील अंकात फोर्ड फाल्कनविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. ही गाडी तिच्या जन्मभूमीत, म्हणजे अमेरिकेत, १९७० साली बंद झाली. तरी अर्जेन्टिनात ती १९९१ पर्यंत तयार होत होती आणि ऑस्ट्रेलियात तिचे नाव थेट २०१६ पर्यंत चालू राहिले, एवढेच तेथे नोंदवले होते. त्यावर निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर आणि खुद्द बेळगावातून पत्रे आली. बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवतीचे असल्याने या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहे.

प्रश्न (निपाणी) : माझा भाचा मेलबर्नला नोकरीस आहे. त्याने तेथे १९६२ सालची फोर्ड फाल्कन विकत घेतली असून तिचे फोटो पाठवले आहेत. माझ्याकडील एका जुन्या अमेरिकन मासिकात हुबेहूब तीच गाडी आहे, परंतु तिचे स्टिअरिंग डावीकडे आहे. भाच्याची गाडी अस्सल म्हणायची की नक्कल?

उत्तर : आपल्या भाच्याची गाडी नक्कल नाही. ती फोर्ड कंपनीनेच मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज येथील कारखान्यात बांधलेली आहे. मात्र ती अमेरिकन फाल्कनही नाही, आणि हे नीट समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९५९ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींपैकी सुमारे दहावा हिस्सा परदेशी गाड्यांचा होता आणि त्यांत फोक्सवॅगन बीटल आघाडीवर होती. या आक्रमणाला उत्तर म्हणून डेट्रॉईटच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी १९६० च्या हंगामासाठी आपापली लहान गाडी काढली : फोर्डची फाल्कन, शेव्हरोलेची कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरची व्हॅलियंट. त्यापूर्वी नॅशची रॅम्बलर १९५० पासून आणि स्टुडबेकरची लार्क १९५९ च्या हंगामापासून बाजारात होत्याच. या गाड्यांना अमेरिकन लोक ‘कॉम्पॅक्ट’ म्हणत, पण हा लहानपणा अमेरिकेच्या मापाचा होता. फाल्कनची लांबी सुमारे ४.६ मीटर भरते. म्हणजे ज्या अ‍ॅम्बेसेडरला आपण प्रशस्त गाडी मानत आलो, तिच्यापेक्षाही ही ‘लहान’ गाडी जवळजवळ एका फुटाने लांब आहे.

अमेरिकेला जी गाडी लहान वाटत होती, ती बाकीच्या जगाला कुटुंबाची भरभक्कम गाडी वाटली. ऑस्ट्रेलियातील फोर्डचा विचार खरे तर इंग्लंडची झेफर गाडी स्थानिक स्वरूपात काढण्याचा होता. तेथील अधिकाऱ्यांनी १९५८ साली अमेरिकेत तयार होत असलेली फाल्कन पाहिली आणि बेत बदलला. सप्टेंबर १९६० मध्ये ऑस्ट्रेलियन फाल्कन बाजारात आली. स्टिअरिंग उजवीकडे घेतले होते, बाकी गाडी जवळजवळ जशीच्या तशी होती, आणि घोटाळा नेमका तेथेच झाला. अमेरिकेच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यांसाठी आखलेले पुढचे सस्पेन्शन ऑस्ट्रेलियाच्या खडी-मातीच्या रस्त्यांवर टिकेना. बॉलजॉइंट, म्हणजे पुढच्या चाकांना वळू आणि वरखाली होऊ देणारे गोल सांधे, लवकर झिजू लागले आणि गाडीचे नाव खराब झाले. पावसाळ्यानंतर चोर्ला घाटातून ज्यांनी गाडी नेली आहे, त्यांना या दुखण्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

ऑस्ट्रेलियन फोर्डने गाडी सोडून दिली नाही, तर दरवर्षी थोडी थोडी मजबूत केली, आणि १९६५ साली लोकांचा गेलेला विश्वास परत मिळवण्यासाठी एक धाडस केले. जिलाँगजवळच्या यू यँग्ज येथील चाचणीच्या रस्त्यावर पाच नव्या फाल्कन रात्रंदिवस पळवल्या. पाचांनी मिळून ७०,००० मैल अंतर ताशी ७० मैलांहून अधिक सरासरी वेगाने कापायचे, असे ठरले होते. नऊ दिवसांत ते पुरे झाले. वाटेत गाड्या उलटल्या, पत्रे चेपले, पण त्या सरळ करून पुन्हा रस्त्यावर आणल्या गेल्या. त्याच वर्षी त्या गाडीला तेथील ‘व्हील्स’ मासिकाचा वर्षातील सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला. १९७२ पासून तर ऑस्ट्रेलियन फाल्कनचा आकारही तेथेच आखला जाऊ लागला.

म्हणून आपल्या भाच्याला एवढेच सांगावे की, त्याच्याकडे आहे ती या गोष्टीतील अगदी सुरुवातीच्या काळातली गाडी आहे. पुढची चाके उचलून बॉलजॉइंटमध्ये खेळ आहे का, हे त्याने सर्वांत आधी तपासून घ्यावे.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : मी तीस वर्षे टर्नर म्हणून काम केले. ड्रॉइंग डेट्रॉईटहून आले, माप तेच, धातू तोच, मग अर्जेन्टिनात किंवा मेक्सिकोत बनलेली गाडी वेगळी होण्याचे कारण काय? आम्ही तर ड्रॉइंगबरहुकूम काम देत होतो.

उत्तर : आपल्या प्रश्नाचा मला मनापासून आनंद झाला, कारण माझीही सुरुवात आपल्याच उद्यमबागेत, एका फाउंड्रीच्या पॅटर्न विभागात, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणाऱ्या विभागात, झाली. आमच्या मिस्त्रींकडे एक पोलादी पट्टी होती. साध्या फुटपट्टीशेजारी ती ठेवली, तर फुटामागे बरोबर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब भरत असे. पहिल्या दिवशी मला वाटले की पट्टी चुकीची आहे. मिस्त्रींनी काही न बोलता सागवानी पॅटर्न आणि त्यावरून ओतलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवला. बीड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न तेवढे मोठे करावे लागते, हे मला त्या दोन वस्तूंनी शिकवले. ड्रॉइंगवर हे सूत कोठेही लिहिलेले नसते. ते त्या गावच्या भट्टीचे, त्या वाळूचे आणि त्या मिस्त्रींचे असते.

आता फाल्कनच्या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, डोळ्यांपुढे आणा. सहा सिलिंडर एका ओळीत आणि हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत नेणारी नळी वेगळी न जोडता हेडबरोबरच एकसंध ओतलेली. यामुळे अमेरिकेत खर्च वाचला, पण ओतणाऱ्याच्या दृष्टीने ते काम नाजूक झाले, कारण पाण्याच्या पोकळीचा कोअर (पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) आणि या नळीचा कोअर एकाच साच्यात बसवावे लागतात आणि एखादा केसभर सरकला, तरी भिंत एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ होते. शिवाय ताकद वाढवायची म्हटली, तर मोठी नळी लावण्याची सोय उरत नाही. ऑस्ट्रेलियाने १९७६ साली ही रचनाच बदलली; मिश्रण एका बाजूने आत आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर, असे नवे हेड आणले आणि १९८० मध्ये तेच अ‍ॅल्युमिनियमचे केले. अमेरिकेत फाल्कन बंद होऊन तोवर दहा वर्षे झाली होती. मूळ घरी जे इंजिन थांबले, ते परक्या घरी वाढत राहिले.

दुसरे कारण कायद्याचे आहे, आणि माझ्या मते तेच अधिक मोठे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांनी ठरवले की, सुट्या भागांच्या पेट्या आणून नुसती गाडी जुळवून चालणार नाही, भाग येथेच बनले पाहिजेत. मेक्सिकोने १९६२ साली फर्मान काढून गाडीचा साठ टक्के भाग देशात बनवणे बंधनकारक केले. त्यामुळे ‘रॅम्बलर अमेरिकन’ ही गाडी बांधणाऱ्या ‘व्हीएएम’ या तेथील कंपनीला इंजिनाचे ओतकाम आणि मशिनिंग स्वतः करावे लागले. एकदा ती विद्या हाती आल्यावर तिने ४.६ लिटरचे सहा सिलिंडरांचे असे एक इंजिन काढले, जे अमेरिकेतील मूळ कंपनीच्या कोणत्याही गाडीत कधीच नव्हते.

सगळीकडेच असे चांगले घडले नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्राझीलमध्ये फोर्डने १९७३ साली मॅव्हरिक ही गाडी आणली. फोर्डने तेथील विलिस कंपनी आधीच ताब्यात घेतली होती आणि विलिसच्या जुन्या तीन लिटर इंजिनाची यंत्रे कारखान्यात उभी होती, म्हणून तेच इंजिन या नव्या गाडीत बसवले. गाडी सुस्त चाले आणि पेट्रोल भरपूर पीत असे, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जगभर तेलाचे भाव भडकले. १९७५ मध्ये २.३ लिटरचे चांगले चार सिलिंडरांचे इंजिन आले, तोपर्यंत लोकांचे मत बनून गेले होते. स्पेनमध्ये ट्रक आणि डिझेल इंजिने बनवणाऱ्या बॅरेइरोस कंपनीने १९६५ पासून डॉज डार्ट बांधली. पेट्रोलचा खर्च तेथील लोकांना झेपत नव्हता, तेव्हा टॅक्सीवाल्यांसाठी तिच्यात डिझेल इंजिनही बसवले गेले.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या कारागिराला लगेच पटेल. पत्र्याचे दरवाजे, बोनेट, टप ठोकणाऱ्या डाया, म्हणजे पोलादी साचे, अतिशय महाग असतात. अमेरिकेत वर्षाला लाखोंनी गाड्या खपत असल्याने दोन-तीन वर्षांत त्या डायांचा खर्च निघतो आणि आकार बदलता येतो. जेथे वर्षाला काही हजारच गाड्या जातात, तेथे तीच डाय वीस-पंचवीस वर्षे वापरावी लागते. अर्जेन्टिनाची फाल्कन तीस वर्षे जवळजवळ त्याच अंगाने दिसत राहिली, त्याचे कारण हे आहे. आपली अ‍ॅम्बेसेडर का बदलली नाही, असे विचारणाऱ्यांनाही मी हेच उत्तर देत आलो आहे.

आपण ड्रॉइंगबरहुकूम काम दिलेत, हे खरेच आहे. पण ड्रॉइंग आणि गाडी यांच्यामध्ये आपल्यासारखी माणसे असतात, आणि म्हणूनच त्या गाड्या वेगळ्या झाल्या.

प्रश्न (चिकोडी) : माझे थोरले बंधू ऑकलंडला असतात. त्यांनी १९७२ सालची व्हॅलियंट घेतली आणि इंजिन उघडल्यावर अमेरिकेतील एका दुकानातून व्हॅलियंटच्याच नावाने गॅस्केटचा संच मागवला. तो बसत नाही आणि दुकानदार परत घेत नाही. चूक कोणाची?

उत्तर : चूक नावाने केलेली आहे. अमेरिकन व्हॅलियंटमध्ये जे सहा सिलिंडरांचे प्रसिद्ध इंजिन असते, ते तीस अंशांनी एका कुशीवर कललेले असते. ऑस्ट्रेलियातील व्हॅलियंटमध्येही १९६२ पासून तेच होते. परंतु १९७० साली क्रायस्लरच्या ऑस्ट्रेलियन शाखेने ते काढून ‘हेमी’ नावाचे सरळ उभे, सहा सिलिंडरांचे इंजिन आणले, ज्याचे भाग अमेरिकन गाडीला लागत नाहीत आणि अमेरिकन गाडीचे भाग याला लागत नाहीत. आपल्या बंधूंची गाडी १९७२ ची आणि न्यूझीलंडमधली असल्याने तिच्यात हेच इंजिन असण्याची शक्यता पुष्कळ आहे. बोनेट उघडून समोरून पाहावे. इंजिन ताठ उभे दिसले की संशय फिटला. यापुढे भाग मागवताना गाडीचे नाव न सांगता इंजिनावर कोरलेला क्रमांक सांगावा आणि मागणी ऑस्ट्रेलियात नोंदवावी.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : मी महाविद्यालयात इतिहास शिकते. अर्जेन्टिनाविषयी वाचताना ‘हिरवी फाल्कन’ असा उल्लेख भीतीचे चिन्ह म्हणून आला. एका मोटारीला असा अर्थ कसा आला?

उत्तर : तुमचा प्रश्न मोटारीच्या सदरात बसतो आणि त्याहून मोठाही आहे, म्हणून जपून लिहितो. अर्जेन्टिनात १९७६ ते १९८३ या काळात लष्करी हुकूमशाही होती. माणसांना घरातून, रस्त्यावरून उचलून नेण्यासाठी सुरक्षा दलांची माणसे बहुधा नंबरप्लेट नसलेल्या हिरव्या फाल्कन वापरत. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ च्या अहवालात सुमारे नऊ हजार बेपत्ता माणसांची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा तीस हजार सांगतात. दारापुढे हिरवी फाल्कन थांबणे म्हणजे काय, हे त्या पिढीला कोणी समजावून सांगावे लागत नसे.

हीच गाडी त्याच देशात घराघरांतील गाडी होती, हे यातले सर्वांत कठीण सत्य आहे. सुमारे पाच लाख फाल्कन तेथे बांधल्या गेल्या. टॅक्सी तीच, डॉक्टरांची गाडी तीच आणि सहलीला जाणाऱ्या कुटुंबाची गाडीही तीच. गाडी सर्वत्र दिसत होती, म्हणूनच ती अशा कामासाठी निवडली गेली असावी, असे मला वाटते. गर्दीत तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नसते. ती थांबल्यावर मात्र सगळ्यांचे जाई.

त्या देशाविषयी वाचताना दुसऱ्याही एका गाडीकडे अवश्य पाहा. कोर्दोबा शहरातील ‘इका’ कंपनीने १९६४ सालच्या ‘रॅम्बलर अमेरिकन’चा सांगाडा घेतला, पुढचे-मागचे अंग आणि आतली सजावट इटलीच्या पिनिनफारिनाकडून नव्याने आखून घेतली, ३.८ लिटरचे इंजिन बसवले आणि १९६६ साली ‘तोरिनो’ या नावाने ती बाजारात आणली. ऑगस्ट १९६९ मध्ये जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे ८४ तासांची अखंड शर्यत होती. अर्जेन्टिनाने तीन तोरिनो पाठवल्या. पाच वेळा जगज्जेते झालेले हुआन मानुएल फांजिओ संघाचे प्रमुख होते आणि ओरेस्ते बेर्ता यांनी गाड्या सज्ज केल्या होत्या. दोन गाड्या बाद झाल्या. तिसरीने ३३४ फेऱ्या पूर्ण केल्या, ज्या त्या शर्यतीत कोणाही गाडीपेक्षा अधिक होत्या, परंतु सायलेन्सरच्या बिघाडापायी झालेल्या दंडामुळे तिला चौथा क्रमांक दिला गेला. अर्जेन्टिनातील लोक आजही चौथा क्रमांक सांगत नाहीत, ३३४ फेऱ्या सांगतात. अमेरिकेच्या एका साध्या, काटकसरी गाडीच्या सांगाड्यावर एका देशाने आपला अभिमान उभारला, हे मला या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर उदाहरण वाटते.

प्रश्न (संकेश्वर) : भारतात अशी एखादी अमेरिकन कॉम्पॅक्ट गाडी कधी बनली होती का?

उत्तर : अमेरिकन गाड्या आपल्याकडे पुष्कळ बांधल्या गेल्या. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्याला डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो बांधल्या, तर हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याला स्टुडबेकर. जनरल मोटर्सचा मुंबईतील जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता. भाग येथेच बनवण्याची अट सरकारने घातल्यावर तो १९५४ साली बंद झाला. म्हणजे ज्या धोरणातून मेक्सिकोत आणि अर्जेन्टिनात अमेरिकन कॉम्पॅक्ट गाड्यांनी मूळ धरले, तेच धोरण आपण त्यांच्याआधी स्वीकारले होते. फाल्कन आणि व्हॅलियंट जन्माला येईपर्यंत आपल्याकडे फियाट, मॉरिस आणि स्टँडर्ड यांच्यावर बेतलेल्या युरोपीय लहान गाड्यांनी जागा घेतली होती, आणि आपल्या पेट्रोलच्या भावाला व रस्त्यांच्या रुंदीला त्याच मानवणाऱ्या होत्या.

एक धागा मात्र जुळतो. नॅश कंपनीने मेट्रोपॉलिटन नावाची अगदी लहान गाडी अमेरिकेत आखली, पण ती बांधून घेतली इंग्लंडमध्ये, ऑस्टिनच्या लाँगब्रिज येथील कारखान्यात, आणि तीत इंजिनही ऑस्टिनचेच घातले. पुढच्या काळातील मेट्रोपॉलिटनमध्ये असलेले १,४८९ सीसीचे इंजिन आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरचे पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातले, त्याच मापाचे आहेत. आपल्या भागातील ज्या मिस्त्रींनी अ‍ॅम्बेसेडरचे हेड शेकडो वेळा उतरवले आहे, त्यांना अमेरिकेतील एखादी मेट्रोपॉलिटन दुरुस्तीला दिली, तर पाने-पक्कड घेऊन ते सरळ कामालाच लागतील.

प्रश्न (खानापूर) : आमच्या आजोबांनी गोव्यातून आणलेली एक मोठी मोटार गोठ्यामागच्या शेडमध्ये पडून आहे. नाव निखळून गेले आहे. घरातले भंगारात द्या म्हणतात. ती यांपैकीच एखादी असू शकेल का? ठेवली तर पासिंग होईल का?

उत्तर : अजिबात भंगारात देऊ नका, निदान हे सदर वाचेपर्यंत तरी. १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज राजवट होती आणि तेथे परदेशी गाड्या आपल्यापेक्षा कितीतरी मोकळेपणाने येत, त्यामुळे आजोबांच्या गाडीचा वंश शोधणे अगत्याचे आहे. सर्वप्रथम बोनेट उघडून इंजिन व डॅशबोर्ड यांमधल्या पत्र्यावर आणि चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर रिव्हेटने बसवलेली धातूची पट्टी शोधा. तिच्यावर घासकागद मारू नका. मऊ फडके रॉकेलमध्ये भिजवून हलकेच पुसा, म्हणजे अक्षरे वर येतील. गाडी मूळची कोणत्या कंपनीची आणि ती कोणत्या देशात जोडली, हे बहुधा तेथेच कळते. स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे आणि वेगाचा काटा मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, हेही लिहून ठेवा.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम केले आहेत. नोंदणी झाल्यावर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच ती काढता येते. आजोबांच्या काळातील नोंदणीचे कागद, विम्याची पावती, अगदी जकातीची चिठ्ठी मिळाली तरी जपून ठेवा. धातूच्या पट्टीचा आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. इंजिन कललेले आहे की उभे, एवढे कळले तरी निम्मे काम होईल.